प्राणहितेची लाल माती आणि डायनोसॉरच्या आधीचे रहिवासी

विदर्भात जीवाश्म म्हटलं की लोक सिरोंच्याजवळचं वडधम सांगतात, आणि वडधम म्हटलं की डायनोसॉर. शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मुलांचा ठरलेला प्रश्न मला पाठ आहे: डायनोसॉर मेले कसे? ते आले कसे, आणि त्यांच्या आधी या जमिनीवर कोण राहत होतं, हे क्वचितच कुणी विचारतं. त्या आधीच्या रहिवाशांची हाडं तर आपल्या चंद्रपूरच्या सीमेला लागून, राजुऱ्याच्या पुढे तेलंगणात निघतात. डिसेंबरच्या सुट्टीत धाकट्या भावाला सोबत घेऊन मी तीच बघायला निघाले. आधी गाडीने नागपूर ते सिरोंचा आणि परत, मग रेल्वेने आसनसोल आणि कोलकाता, असा बेत होता.

नागपूर, टाकळघाट आणि राजुरा

सुरुवात नागपुरातूनच करायला हवी, कारण ही गोष्ट तिथेच सुरू होते. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. शाळा काढली, गोंडी भाषेच्या नोंदी केल्या, आणि सोबत्याला, रॉबर्ट हंटरला, घेऊन नागपूरच्या आसपासचे दगड फोडत हिंडला. कामठीच्या वालुकाश्मातली पानं, मांगलीच्या खडकातली एका प्राचीन उभयचराची कवटी, आणि थेट दक्षिणेकडच्या मालेरीहून आलेले फुप्फुसमाशांचे दात, असं सगळं त्याच्या हातून अभ्यासकांकडे गेलं. मांगलीच्या कवटीला इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेनने १८५५ मध्ये 'ब्रॅकिऑप्स' नाव दिलं. मालेरीच्या दातांवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या थॉमस ओल्डहॅमने १८५९ मध्ये लिहिलं आणि त्यातल्या एका जातीला हिस्लॉपचं नाव दिलं. हिस्लॉप कॉलेज नागपुरात सगळ्यांना माहीत आहे. हा माणूस मात्र जीवाश्मांसाठी किती ठिकाणी पोचला होता, हे माहीत असलेलं मला फार कमी लोक भेटले.

अजब बंगल्यात तासभर घालवून आम्ही बुटीबोरीकडे निघालो. (संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढं बघून जा.) टाकळघाटला मुद्दाम वळलो. इथली महापाषाणकालीन शिळावर्तुळं बघून परतताना, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, बोरीजवळ पूर आलेल्या ओढ्यात हिस्लॉप घोड्यासह वाहून गेला. गावाबाहेरच्या रानात ते दगड अजून उभे आहेत. एक आजी शेळ्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे पांडवाच्या टायमाचे आहेत बाप्पा, हलवाचे नाही." कुणी हलवले नाहीत म्हणून तर आम्हाला बघायला मिळाले.

राजुऱ्यात जेवलो. हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबादच्या मुलखात होता, त्यामुळे हॉटेलात एका टेबलावर मराठी, दुसऱ्यावर तेलुगू, आणि मालक दोन्हीकडे तितक्याच सहज. भाताबरोबर अंबाडीची भाजी मिळाली, आंबट आणि झणझणीत. पुढे तेलंगणात हीच अंबाडी गोंगुरा म्हणून रोज ताटात भेटत राहिली.

गोलेटी: कोळसा आणि त्याच्या काळातले प्राणी

मुक्काम बेल्लमपल्लीत होता. सिंगरेणी कोळसा खाणींचं हे जुनं गाव. इथे आम्हाला सोबतीला मिळाले खाणीतून निवृत्त झालेले एक काका. त्यांची आई राजुऱ्याकडची, त्यामुळे मराठी स्वच्छ. शिवारात तेलुगू बोलणारं माणूस बरोबर असल्याशिवाय जाऊ नये, हा माझा या प्रवासातला सगळ्यात कळकळीचा सल्ला. अनोळखी लोक शेतात वाकून माती बघताना दिसले की गावकऱ्यांना शंका येणारच. काकांनी प्रत्येक ठिकाणी आधी घरी जाऊन, शेतमालकाला भेटून, परवानगी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोलेटीकडे गेलो. धुकं इतकं की खाणीचे डंपर दिवे लावून चालले होते. कोळसा म्हणजे पर्मियन काळातलं दलदलीचं जंगल. ग्लोसोप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराची पानं असलेल्या झाडांचं ते रान होतं. त्या कोळशाच्या वरच्या थरांत, कुंडारम थर म्हणतात त्यात, त्या काळाच्या शेवटाकडचे प्राणी सापडले आहेत. वय सुमारे साडेपंचवीस कोटी वर्षं. डायनोसॉर यायला अजून दोन कोटी वर्षं होती.

इथे थोडं मागे जायला हवं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांनी जमिनीवर पाय ठेवला तरी अंडी घालायला त्यांना पाण्यातच परतावं लागे. मग सुमारे ३१-३२ कोटी वर्षांपूर्वी असे प्राणी आले ज्यांच्या अंड्याला स्वतःचं आवरण होतं आणि आत स्वतःचं पाणी होतं. पाण्यापासून दूरची कोरडी जमीन त्यांना मोकळी झाली. या प्राण्यांच्या फार लवकर दोन शाखा झाल्या. एकीतून आजचे साप, सरडे, कासवं, मगरी, पक्षी आणि अर्थात डायनोसॉर आले. दुसरीच्या कवटीत डोळ्यामागे एकच छिद्र असे, आणि त्या शाखेच्या टोकाला सस्तन प्राणी आहेत, म्हणजे आपण. जुन्या पुस्तकांत या दुसऱ्या शाखेतल्या प्राण्यांनाही सरीसृपच म्हटलेलं असतं, आणि पर्मियन काळात जमिनीवर राज्य होतं ते त्यांचंच.

कुंडारम थरांतले बहुतेक प्राणी डायसिनोडॉन्ट गटातले आहेत: चोचीसारखा जबडा, जाड अंग, वनस्पती खाणारे. त्यातला एन्डोथायोडॉन मला फार आवडतो. चोचीच्या आत त्याच्या दातांच्या लांब ओळी असत आणि जबडा पुढेमागे सरकवून तो पाला कापत असे. हाच प्राणी दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, टांझानिया आणि ब्राझीलमध्येही सापडतो. तेव्हा हे सगळे भूभाग एकमेकांना जोडलेले होते. त्याच थरांत सिस्टेसेफॅलस नावाचा बिळं खणणारा छोटा प्राणीही आहे. गोलेटीच्या कडेला भुरकट वालुकाश्माच्या उतारावर बसून मी हे सांगत होते तेव्हा काका म्हणाले, "ताई, तीस वर्षं जमिनीच्या आत गेलो, ते झाडांच्या पोटात जात होतो हे माहीत होतं. वर जनावरं होती हे आज कळलं."

दुपारी काकांच्या घरी जेवण. काकूंनी सर्वपिंडी केली होती: तांदळाच्या पिठात शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, तीळ, मिरची, कढीपत्ता कालवून खोलगट भांड्याच्या तळाला थापायचं आणि मंद आचेवर खरपूस होऊ द्यायचं. मधे मधे बोटांनी भोकं पाडून तेल सोडतात. मी तीन खाल्ल्या, भावाने मोजल्या नाहीत.

रेचनी ते भीमारम: लाल थर सुरू होतात

या खोऱ्याची एक सोय अशी आहे, जी मला दुसरीकडे कुठे भेटलेली नाही. थर साधारण ईशान्येच्या बाजूला कललेले आहेत. म्हणजे कोळशाच्या पट्ट्याकडून प्राणहितेकडे जात राहिलं की पायाखालचा खडक नव्या काळाचा होत जातो. पर्मियन, मग ट्रायसिक, मग ज्युरासिक, असा नदीपर्यंतचा प्रवास सहा-सात कोटी वर्षांचा होतो, आणि गाडीने तो एका दिवसातही जमतो. आम्ही मुद्दाम हळू केला.

मध्ये एक खाच आहे. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सायबेरियात लाव्हारसाचा प्रचंड उद्रेक झाला, हवा तापली, समुद्रातला प्राणवायू घटला, आणि पृथ्वीवरच्या बहुतेक जाती संपल्या. डायनोसॉर संपले त्यापेक्षा हा संहार मोठा होता. एन्डोथायोडॉन आणि ग्लोसोप्टेरिसचं रान या पलीकडे दिसत नाही.

रेचनीच्या पुढे माती लाल झाली. हे येर्रापल्ली थर, मध्य ट्रायसिकचे, साधारण २४ कोटी वर्षांपूर्वीचे. पूरमैदानातला गाळ, आता कपाशीची शेतं. या लाल-जांभळ्या चिखलदगडातून जे प्राणी निघाले त्यांची यादी माझ्या वहीत पानभर आहे. वाडियासॉरस: दोन सुळे असलेला मोठा डायसिनोडॉन्ट. एकाच जागी त्याच्या अनेक प्राण्यांची हाडं सापडली आहेत, त्यावरून ते कळपाने राहत असावेत. नाव भूवैज्ञानिक दाराशॉ वाडिया यांचं. पामेलारिया: लांब मानेचा, छोट्या डोक्याचा. भारिटालासुकस: भल्यामोठ्या डोक्याचा शिकारी. त्याची हाडं कित्येक दशकं कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संग्रहात होती, नाव मिळालं २०२१ मध्ये.

आणि यारासुकस. चार पायांवर चालणारा, सडपातळ, लांब मानेचा हा प्राणी आधी मगरींच्या बाजूचा समजला गेला. २०१७ मध्ये टांझानियातल्या टेलिओक्रेटरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि दोघे एका गटात बसले. मगरी आणि पक्षी यांच्या वाटा वेगळ्या झाल्यावर पक्ष्यांच्या, म्हणजे डायनोसॉरच्याही, बाजूला जी पहिली पावलं पडली त्यातला हा गट. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. डायनोसॉरच्या घराण्यातले हे सुरुवातीचे नातेवाईक दोन पायांवर धावणारे नव्हते. त्यांच्या घोट्याची ठेवण मगरीसारखी होती. कुणाचं भविष्य काय आहे, हे त्यांच्याकडे बघून कुणालाही सांगता आलं नसतं.

पुढे रस्ता भीमारम वालुकाश्माच्या डोंगररांगेतून जातो. सागाचं जंगल, वाळलेली मोठी पानं, आणि उन्हं वर आली तशी जाणवणारी ऊब. इथे पाण्याच्या बाटल्या भरून घ्या, पुढे शिवारात दुकान नाही.

मालेरी

रात्री पाऊस आला. डिसेंबरात कुणी धरला नव्हता. सकाळी काका म्हणाले, "आज गाडी आत जाणार नाही, पण आज जायला पाहिजे." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मालेरीची लाल चिकणमाती भिजली की बुटांना थरावर थर चढतात आणि पाय उचलेना होतो, पण पावसाने वरची माती धुतली जाते आणि हाडं उघडी पडतात. डांबरी रस्त्यावर गाडी ठेवून चालत गेलो. (गमबूट न्या. आमच्याकडे नव्हते, गावातल्या एका घरून मिळाले.)

शेताच्या कडेला ओघळीत काकांनी बोट दाखवलं तिथे लालसर-पांढरे गोळे पडले होते. ते शेणाचे जीवाश्म होते, कॉप्रोलाइट. मालेरीत ते भरपूर मिळतात. जरा पुढे गेल्यावर शेतमालक भेटले, त्यांनी बांधावरून एक हाडाचा तुकडा उचलून माझ्या हातात दिला. बोटभर लांब, एका बाजूला ओळीत दातांचे फुगवटे. मी क्षणभर बोललेच नाही. हायपरोडापेडॉनच्या वरच्या जबड्याचा तो तुकडा होता.

मालेरीच्या खालच्या थरांत, सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी, हा इथला सर्वाधिक दिसणारा प्राणी. रिंकोसॉर कुळातला, बुटका, पिंपासारखा रुंद, पुढे वाकलेली चोच. वरच्या जबड्यावर दातांच्या पट्ट्या आणि मध्ये खाच. खालचा जबडा त्या खाचेत अडकित्त्याच्या पात्यासारखा बसे. कठीण पाला, मुळं, काहीही कापू शके. याचे भाऊबंद स्कॉटलंड, ब्राझील, अर्जेंटिना आणि टांझानियात सापडतात. हिस्लॉपच्या देशातला प्राणी हिस्लॉपच्या मालेरीत, ही जुळणी मला विलक्षण वाटते. मालेरीच्या जातीचं नाव 'हक्सलेई', इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ टॉमस हक्सलेवरून, जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड लिडेकरने १८८१ मध्ये दिलेलं.

त्याच नद्यांत पॅरासुकस होता. दिसायला थेट सुसरीसारखा, लांब निमुळतं तोंड, टोकदार दात. फक्त नाकपुड्या तोंडाच्या टोकाला न असता डोळ्यांजवळ वर होत्या. सुसरींशी त्याचं जवळचं नातं नाही; एकाच कामासाठी दोन वेगळ्या घराण्यांनी तोच आकार घडवला. १८८५ मध्ये लिडेकरने त्याला 'पॅरासुकस हिस्लोपी' नाव दिलं तेव्हा त्याच्यासमोर जे तुकडे होते त्यात हायपरोडापेडॉनच्या कवटीचा भागही मिसळलेला होता. पुढे पूर्ण सांगाडे सापडल्यावर हा गुंता सुटला आणि एक चांगला सांगाडा त्या नावाचा अधिकृत नमुना ठरला. नागपूरच्या त्या माणसाचं नाव त्यामुळे या प्राण्यावर कायम राहिलं.

आणि डायनोसॉर? तेही होते. अल्वाल्केरिया नावाचा एक लहानसा प्राणी याच थरांतला. हाती लागलेले तुकडे थोडे, त्यातले काही दुसऱ्याच प्राण्यांचे असावेत असं मत आहे. म्हणजे इथे ज्याच्या हाडांवर पाय पडेल तो रिंकोसॉर, पाण्यात पॅरासुकस आणि पॅन्थासॉरस नावाचा अजस्र सपाट डोक्याचा उभयचर, झाडीत सस्तनांचा नातेवाईक एक्झीरेटोडॉन, आणि कुठेतरी कडेने एक छोटा डायनोसॉर. शाळेच्या पुस्तकात ट्रायसिक म्हणजे डायनोसॉर येण्याची तयारी असं चित्र असतं. मालेरीच्या बांधावर उभं राहिल्यावर ते चित्र टिकत नाही. हे जग पूर्ण होतं, भरलेलं होतं, आणि कुणाची वाट बघत नव्हतं.

जबड्याचा तुकडा मी फोटो काढून शेतमालकांना परत दिला, त्यांनी तो होता तिथे ठेवला. हे फार महत्त्वाचं आहे. जीवाश्म उचलून घरी आणू नका, विकत तर अजिबात घेऊ नका. कुठल्या थरात, कुठल्या जागी सापडला हे गेलं की त्याचं निम्मं बोलणं गेलं. फोटो, जागेची नोंद, आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या किंवा विद्यापीठाच्या माणसांना कळवणं, एवढं आपल्या हातात आहे.

शेतमालकांच्या आईने आम्हाला ओट्यावर बसवून ज्वारीची भाकरी आणि चिंचेचं पच्चीपुलुसु दिलं, न उकळता केलेलं, कच्चा कांदा घातलेलं. काकांनी भाषांतर केलं: त्या लहान असताना कलकत्त्याची माणसं तंबू ठोकून राहत, गावातल्या लोकांना रोजावर घेत, प्लास्टरमध्ये हाडं गुंडाळून नेत. "आमच्या बापाने उचलून दिली होती," असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. संग्रहालयातल्या पाट्यांवर अशा बापांची नावं नसतात. असायला हवीत.

सिरोंचा आणि कोटा

चेन्नूरवरून प्राणहितेचा पूल ओलांडला आणि महाराष्ट्रात परत आलो. सिरोंच्यात राहायच्या सोयी मोजक्याच, आधी फोन करून ठेवा. संध्याकाळी गोदावरीपल्याड काळेश्वरला जाऊन आलो. एकाच पीठावर दोन लिंगं असलेलं हे देऊळ आणि समोर दोन नद्यांचा संगम. पाणी डिसेंबरातही भरपूर.

सकाळी कोटा गावाकडे गेलो. या छोट्या गावाच्या नावाने जगभरचे भूवैज्ञानिक 'कोटा थर' ओळखतात. चुनखडीत चमकत्या खवल्यांचे मासे सापडतात, लेपिडोटीस डेक्कनेन्सिस, आणि याच थरांतून बारापासॉरस हा अवाढव्य लांब मानेचा डायनोसॉर बाहेर आला. म्हणजे मालेरीतून निघून नदीपर्यंत येईतो चित्र पुरतं पालटलेलं असतं. रिंकोसॉर नाहीत, पॅरासुकसचं कुळ नाही, आणि डायनोसॉरची मांडीची हाडं माणसाएवढी. वडधमचं जीवाश्म उद्यान इथून जवळ आहे, झाडांचे दगड झालेले बुंधे बघायला जरूर जा. त्याबद्दल बऱ्याच जणांनी लिहिलंय, म्हणून मी थांबते.

परतीचा आलापल्लीमार्गे रस्ता खराब होता. दिवसाउजेडी निघा एवढंच.

आसनसोल: दामोदरच्या काठी

नागपूरहून रात्रीच्या गाडीने आसनसोल. प्राणहितेच्या खोऱ्यात जी खाच लागली होती, महासंहारानंतरची, तिचा काळ इथे दामोदरच्या काठी आहे. पंचेत टेकडीच्या नावाने ओळखले जाणारे हे थर ट्रायसिकच्या अगदी सुरुवातीचे. इथे १८६० च्या सुमारास सापडलेल्या हाडांवर हक्सलेने १८६५ मध्ये लिहिलं. त्याने डायसिनोडॉन म्हणून नोंदवलेला प्राणी म्हणजे लिस्ट्रोसॉरस.

आखूड पायांचा, दोन सुळ्यांचा हा पालाखाऊ प्राणी संहारातून वाचला, आणि रिकाम्या झालेल्या जमिनीवर पसरला. दक्षिण आफ्रिकेच्या कारू खोऱ्यामध्ये सुरुवातीच्या ट्रायसिक थरांत तो अमाप आहे. १९६९ मध्ये अंटार्क्टिकातल्या कोलसॅक ब्लफला तो सापडला, तेव्हा खंड एकेकाळी जोडलेले होते हे नाकारणाऱ्यांची बाजू आणखी लंगडी पडली. हा प्राणी समुद्र पोहून जाणारा नव्हता.

दामोदरच्या कोरड्या ओहोळात हिरवट-भुरे आणि लालसर थर दिसतात. हाड एकही दिसलं नाही, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. गार वारा सुटला होता. पुलाजवळच्या टपरीवर मुढी (म्हणजे मुरमुरे), कच्चा कांदा, मोहरीचं तेल आणि गरम चॉप खाल्ला. टपरीवाल्या दादांना विचारलं, इथे पूर्वी काय सापडलं माहीत आहे का. "कोयला," ते म्हणाले. भावाने त्यांना मोबाइलवर लिस्ट्रोसॉरसचं चित्र दाखवलं, आणि पुढची पंधरा मिनिटं टपरीवरचे सगळे त्याच्याभोवती होते. वेळ असेल तर पंचेत टेकडीच्या पायथ्याचं गढ पंचकोटही बघा, जुनी देवळं आहेत.

कोलकाता, बारानगर

शेवटचा मुक्काम भारतीय सांख्यिकी संस्था. संख्याशास्त्राच्या संस्थेत हाडं कशी, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांना मोजमापाचं शास्त्र जिथे जिथे लागेल तिथे न्यायचं होतं, आणि जीवाश्मांची मोजमापं त्यातच येत. त्यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन १९५७ मध्ये आल्या आणि प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात पद्धतशीर काम सुरू झालं. पामेलारिया त्यांच्या नावाचा. मालेरीच्या एक्झीरेटोडॉनच्या जातीचं नाव 'स्टॅटिस्टिकी', संस्थेच्या नावावरून. सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रॉयचौधुरी, शंकर चॅटर्जी ही पुढची नावं. टागोरांच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६१ मध्ये, हाती आलेला डायनोसॉर म्हणून तो बारापासॉरस टागोराय.

संग्रहालय बी. टी. रोडवर संस्थेच्या आवारात आहे. सरळ दारात जाऊन उभं राहू नका. भूविज्ञान विभागाला आधी लिहून, कामाच्या दिवसाची वेळ ठरवून जा. ओळखपत्र जवळ ठेवा. आम्ही महिनाभर आधी लिहिलं होतं, आणि एका तरुण संशोधक ताईंनी दोन तास आमच्यासाठी काढले.

मध्यभागी बारापासॉरस उभा आहे आणि सगळ्यांची मान आधी वरच जाते. आम्ही खाली बघत होतो. हायपरोडापेडॉनचा जबडा पूर्ण स्वरूपात बघितला, तेव्हा बांधावरचा तो तुकडा नेमका कुठे बसतो ते कळलं. मग पॅरासुकस. एकमेकांजवळ सापडलेले दोन सांगाडे, आणि त्यांच्या पोटाच्या जागी दुसऱ्याच प्राण्याची हाडं. तो प्राणी मालेरीसॉरस, सरड्यासारख्या बांध्याचा एक सरीसृप, आणि विज्ञानाला तो कळला तोच या पोटातून. चॅटर्जी यांनी १९८० मध्ये त्याला नाव दिलं, जात 'रॉबिन्सनी'. तेवीस कोटी वर्षांपूर्वीचं जेवण, खाणारा आणि खाल्लेला दोघेही हाताच्या अंतरावर. भाऊ, जो एरवी माझ्या विषयाला दोन मिनिटांत कंटाळतो, त्या काचेसमोरून हलायला तयार नव्हता.

मी ताईंना विचारलं, मग हे सगळे गेले कधी, आणि डायनोसॉर मोठे झाले कधी? त्यांनी सांगितलं ते मी शाळेत तसंच सांगणार आहे. मालेरीच्या वरच्या थरांत हायपरोडापेडॉन दिसेनासा होतो. तिथे जाक्लापल्लीसॉरस आणि नांबालिया हे लांब मानेच्या कुळातले सुरुवातीचे डायनोसॉर आहेत, दोघांची नावं त्या परिसरातल्या गावांवरून, २०११ मधली. आणि २०२५ मध्ये नाव मिळालेला शिकारी मालेरीरॅप्टर कुट्टीई. रिंकोसॉरची जागा आधी रिकामी झाली आणि डायनोसॉर नंतर पसरले, असं थर सांगतात. कुणी कुणाला लढून हरवल्याचा पुरावा मालेरीत नाही.

निघताना ताईंनी आणखी एक जागा सांगितली. पचमढीच्या खालच्या देनवा थरांतून २०१७ मध्ये शृंगासॉरस नावाचा प्राणी जाहीर झाला, मध्य ट्रायसिकचा, तीन-चार मीटर लांब, डोळ्यांवर दोन शिंगं. डायनोसॉर नव्हे, पामेलारियाच्या जवळचा. नागपूरहून पचमढीला जाणाऱ्यांनी मढईच्या बाजूला देनवा नदीचा काठ जरूर बघावा, पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत वन विभागाची परवानगी लागते, तेवढं आधी बघून घ्या.